पोटाचं वेळापत्रक

लातूरच्या खोलीत सामान लावायच्या आधी मी भिंतीला दोन कागद चिकटवले. एकावर लेकीच्या अभ्यासाचं वेळापत्रक आणि दुसऱ्यावर तिच्या खाण्याची यादी. गॅसची शेगडी तिसऱ्या दिवशी आली, पण यादीत काय शिजणार हे तोवर पुढच्या तीन महिन्यांचं ठरलेलं होतं.

नांदेडला क्लासेस नव्हते असं नाही. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक होता, आणि विष्णुपुरीच्या कॉलेजात ऑफिसला जाताना नवरा तिला रोज सोडू शकला असता. पण अकरावीत गेलेली मुलगी, मेडिकलचं ध्येय आणि लातूर या तीन गोष्टी माझ्या डोक्यात एकाच दोऱ्यात ओवलेल्या होत्या. डॉक्टर व्हायचं हे स्वप्न मात्र तिचंच होतं. लहानपणी ती शेजारच्या मांजराच्या पायाला पट्टी बांधायची आणि चार दिवसांनी सोडून बघायची. मी फक्त ते स्वप्न तिच्या हातातून घेऊन तिच्या पुढे पळत सुटले होते.

आमच्या गल्लीत माझ्यासारख्या बऱ्याच आया होत्या. नवरा गावी, लेकरू क्लासला आणि आई कुकरपाशी. संध्याकाळी दूध आणायला निघालो की बोलणं एकच: तुमचं काय खातं, आमचं काय खातं. कोणाचा मुलगा ब्राह्मीची पावडर घ्यायचा, तर कोणाची मुलगी रोज दोन अंडी खायची. मी सगळं टिपून घ्यायचे. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, हे ऐकून मी किलोभर अक्रोड आणले. या हिशोबानं पडवळ खाऊन माणूस उंच व्हायला हवा, हे तेव्हा सुचलं नाही.

यादीत काय होतं ते सांगते. पहाटे भिजवलेले सात बदाम. त्यावर पावडर घातलेलं दूध. नाश्त्याला अंडी, नाहीतर तुपातला शिरा. दुपारी पोळी, पनीर, पुन्हा तूप. अभ्यासाला बसताना अक्रोड. निजताना दूध. यादीच्या खालच्या भागात लाल पेनानं ‘बंद’ असं लिहून एक चौकोन आखला होता. त्यात भाकरी होती, कारण ती जड, झोप येते. ताक-दही होतं, कारण सर्दी आणि सुस्ती. उसळी गॅसमुळे, ठेचा उघडच, आणि शिळं काहीही नाही. म्हणजे पंधरा वर्षं जे खाऊन ती पोरगी वर्गात पहिली आली, ते सगळं मी एका चौकोनात कोंडलं होतं.

आणखी एक सुधारणा केली होती. जेवणाचा वेळ वाया जातो, म्हणून ताटासमोरच्या भिंतीवर मी पचनसंस्थेची मोठी आकृती लावली. घास तोंडात गेला की मी प्रश्न विचारायचे.

“लाळेत काय असतं?”

“आई, लाळच सुटेना झालीय.”

“उत्तर दे आधी.”

ती उत्तर द्यायची. बरोबर असायचं. मग दुसरा घास आणि दुसरा प्रश्न. पोळी जठरात पोचेपर्यंत मी लहान आतड्यापर्यंत गेलेली असायचे.

क्लासमध्ये दर रविवारी सराव परीक्षा व्हायची, दहा ते एक. तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे गेटासमोर रसवंतीच्या बाकावर बसले होते. पावणेअकराला लेक बाहेर आली. चेहरा पांढरा, एक हात पोटावर. पोटात मुरडा आला, बसवेना, म्हणाली. बाहेरचं काही खाल्लं असेल म्हणून मी तिची बॅग तपासली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, तेवढ्याच वाजता. त्याच्या पुढच्या रविवारी ती हॉलमध्ये गेलीच नाही. जिन्यातच बसून राहिली.

त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, “पेपर येतो मला. प्रश्न वाचला की उत्तर दिसतं. पण पोटात पीळ पडला की अक्षरं नुसती हलू लागतात.”

मला ते पोट माहीत होतं.

भूकंपाच्या वर्षी मी नांदेडला दहावीत होते. तिकडे लातूर-उस्मानाबादकडे गावंच्या गावं गेली. आमच्याकडे त्या पहाटे मांडणीवरचे चार डबे पडले आणि एका भिंतीला केसाएवढी चीर गेली. वडील कपडे-पांघरुणांच्या ट्रकबरोबर तिकडे जाऊन आले आणि नंतर कितीतरी दिवस बोललेच नाहीत. ज्यांचं सगळं गेलं ते लोक उभे राहत होते, आणि ज्यांचे चार डबे पडले त्या घरातली मी मात्र आडवी झाले होते. शाळेत कोणी बाक सरकवला की मला मुरडा यायचा. रस्त्यानं ट्रक गेला की मी मागच्या अंगणात धावायचे. मैत्रिणी म्हणायच्या, हिचं पोटच भूकंपमापक आहे.

माझा याद्या करायचा नादही त्याच वर्षीचा. घराबाहेर पळताना काय काय घ्यायचं याची एक यादी मी करून दाराला टांगली होती: बॅटरी, रेशन कार्ड, माझ्या वह्या, आईचं मंगळसूत्र, लहान भाऊ. भाऊ पाचव्या क्रमांकावर का, यावरून घरात बरंच हसू झालं. पण ती यादी वाचली की माझं पोट जरा शांत व्हायचं. तेव्हापासून मी यादीशिवाय बाजारातसुद्धा गेलेले नाही.

आई मात्र मला पोटाबद्दल काही विचारायची नाही. ताटात भाकरी, वरण आणि वाटीत ताक वाढायची आणि शेजारणीशी बोलायला निघून जायची. मी खाल्लं की टाकलं, बघायचीसुद्धा नाही. मला तेव्हा वाटायचं, हिला माझी काळजीच नाही. दिवाळीनंतर कधीतरी माझं पोट बरं झालं. कशानं झालं, ते मी कुठे लिहून ठेवलेलं नाही.

तर लेकीचं पोट एरवीच्या सकाळीही दुखू लागल्यावर मी जे मला येतं तेच केलं. वही घातली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, कुठे दुखलं, किती वेळ दुखलं. तीन आठवड्यांची ही वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्कर होते, बारीक चणीचे. कोचिंगच्या पोरांची पोटं बघण्यात त्यांची अर्धी ओपीडी जायची. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मला वाटलं, आता कौतुक करतील.

“कोणी लिहिलंय हे?”

“मी.” मी जरा सरळ बसले.

“तुमचं पोट कसं आहे?”

“माझं? ॲसिडिटी आहे थोडी. त्याचं काय?”

“काही नाही,” म्हणाले आणि लेकीला तपासू लागले. रक्त-लघवीची तपासणी झाली. काही निघालं नाही. दुसऱ्या भेटीत त्यांनी समजावून सांगितलं. पोटात मज्जातंतूंचं मोठं जाळं असतं. मेंदूकडून पोटाला निरोप जातो, तसाच पोटाकडून मेंदूलाही जातो. भीती वाटली की आतडी आवळतात, आणि आतडी बिघडली की मनाची घालमेल वाढते. आतड्यात आपल्या उपयोगाचे जंतू राहतात. त्यांना चोथा लागतो, डाळी लागतात, भाज्या लागतात. मग त्यांनी वहीवर बोट ठेवलं.

“भाकरी, उसळ, ताक, पालेभाजी कुठाय यात?”

“बंद केलंय,” मी म्हणाले.

“आणि जेवताना काय करता?”

लेक पहिल्यांदा बोलली. “जेवताना तोंडी परीक्षा असते.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, दही खाल्लं म्हणून मार्क वाढतात असं मी म्हणत नाही. पण ही मुलगी दिवसातून तीनदा ताटावर परीक्षा देते आणि रविवारी चौथी. तिच्या पोटानं करावं काय? ताटावर प्रश्न बंद करा. साधं, सवयीचं खाऊ द्या.”

इथे कोणीही शहाणी बाई थांबली असती. मी घरी येऊन जुनी यादी फाडली आणि नवी केली. ‘पोटातले चांगले जंतू’ असं तिचं नाव ठेवलं. सव्वानऊला ताक, एक ग्लास. एक वाजता ज्वारीची भाकरी, दीड. चारला दही, वाटीभर. पचनसंस्थेची आकृती काढली. प्रश्नही बंद केले, म्हणजे जीवशास्त्राचे. त्यांच्या जागी दुसरे आले.

“लागतंय का बरं?”

“हो.”

“गडगडतंय का?”

“नाही.”

“आता?”

आमच्या घरमालकीण बाई खालच्या मजल्यावर राहायच्या. सगळ्या मुली त्यांना आपा म्हणायच्या, मीही म्हणायचे. त्यांच्या मिस्टरांचं शिलाईचं दुकान होतं. आपांनी आमच्या खोलीत आतापर्यंत कितीतरी आया आणि लेकरं बघितली होती आणि त्यांना सगळ्यांबद्दल मत होतं. एक दिवस मी जिन्यातून खाली आले तर लेक आपांच्या ओट्यावर पाय सोडून बसलेली. हातात वाडगा, त्यात रात्रीची भाकरी ताकात कुस्करलेली, वर कच्चा कांदा. पोरगी मचमच खात होती आणि आपा तिला टेलरच्या गिऱ्हाइकांच्या गमती सांगत होत्या. दोघी हसत होत्या.

“हे कधीपासून?” मी विचारलं.

“झाले की पंधरा दिस,” आपा म्हणाल्या. “रागवू नका ताई. वरी तुमच्याकडं जेवती, हितं माझ्याकडं खाती.”

“शिळं आहे ते.”

“शिळंच हाय. तुमच्या ताज्यानं पोट दुखतंय नव्हं?”

मी वर जाऊन वही काढली. गेल्या पंधरा दिवसांत रविवार सोडले तर तिचं पोट सकाळी कधीच दुखलं नव्हतं. मी ते श्रेय सव्वानऊच्या ताकाला देऊन त्याखाली दोन रेघाही मारल्या होत्या.

रविवारचा मुरडा मात्र गेलेला नव्हता. ती हॉलमध्ये जायची, पण अर्ध्या तासानं, तासानं उठून यायची. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बॅच बदलायची परीक्षा होती. त्यातल्या मार्कांवर वरची बॅच मिळणार की खालची, ते ठरणार होतं. लेकीनं मला सरळ सांगितलं, “यावेळीपण उठून यावं लागलं तर मी नांदेडला परत जाणार. बारावी करीन, मग काहीतरी बघू. मेडिकल नको.” ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मांजराची पट्टी सोडून बघावी आणि जखम भरलेली नसावी, तसा तिचा चेहरा होता.

त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी येळवस आली. लातूरकडे वेळा अमावस्येला सगळं शहर शेतात जातं. रस्ते ओस, दुकानं बंद, क्लासलासुद्धा सुट्टी. आम्हा नांदेडकडच्यांना हे नवलच. मी ठरवलं होतं की घरी थांबून उजळणी करायची. तेवढ्यात आपा जिन्यातून ओरडल्या, “चला, जीप आलीय!” औशाच्या रस्त्याला त्यांच्या मिस्टरांच्या दोस्ताचं शेत होतं आणि दरवर्षी आपांचं सगळं घर तिकडे जेवायला असायचं.

“आपा, उद्या परीक्षा आहे.”

“मग? उद्या हाय नव्हं, आज न्हाई ना.”

लेक चपला घालून खाली गेलीसुद्धा. मी पिशवी भरली. गाळलेलं पाणी, थर्मासमध्ये दूध, बदाम, मीठ-साखरेची पुडी, सूत्रांची वही, आणि त्या सगळ्याची एक यादी.

शेतात कडब्याची छोटी खोप उभी केलेली होती. तिच्याभोवती फिरत शेताचे मालक कानडी वळणाची आरोळी देत होते आणि पोरं मागून तीच ओरडत होती. पूजा आटोपली आणि पंगत मातीवरच बसली. भज्जी वाढली, सगळ्या शेंगा, डाळी आणि पालेभाज्या एकत्र शिजवलेली. बाजरीचे उकडलेले गोळे, म्हणजे उंडे, वाढले. आणि आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात आंबवलेली आंबील. लसणाचा वास दहा हातांवरून येत होता. माझ्या लाल चौकोनातलं सगळं एका पत्रावळीवर येऊन बसलं होतं.

लेकीनं आंबिलीचा पहिला पेला एका दमात संपवला. दुसरा घेतला. तिसऱ्याला मी हळूच म्हणाले, “तीन झाले.”

“ताई, गिनू नका जी,” आपा म्हणाल्या. “भूकंपाच्या साली आमच्या घरात कुणालाच भूक लागंना. बसलं तरी पोट हलायचं. तीन म्हैने असेच गेले. मग येळवशीला इथंच आलो. कुणी कुणाला इचारलं न्हाई, खातोस का, पितोस का. सगळे खाऊन राहिले म्हणून आमीबी खाल्लं. पोटभर.”

मी पिशवीतून थर्मास काढला. लेकीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा हात पोटावर गेला. तिला स्वतःला ते कळलंही नसावं. मला कळलं.

“दुखतंय?”

“आता दुखलं,” ती म्हणाली. मग स्वतःलाच हसू आल्यासारखी म्हणाली, “आई, राग येऊ देऊ नको. परीक्षेच्या हॉलच्या खिडकीतून तो रसवंतीचा बाक दिसतो. तू तिथं वही घेऊन बसलेली असतेस. मी मान वर केली की तू विचारून राहिलीस असंच वाटतं, दुखतंय का? आणि मग दुखतं.”

आपा एकदम भज्जी वाढायला उठल्या. पंगतीत भज्जी कोणालाच नको होती.

मी थर्मास पिशवीत ठेवला. समोर माझा आंबिलीचा पेला तसाच होता. उचलून प्याले. आंबट, गार, तिखट. ॲसिडिटीवाल्या बाईनं ते पिऊ नये असं माझ्या स्वतःच्या यादीत लिहिलेलं आहे. मला माझी आई आठवली, ताट वाढून शेजारणीकडे निघून जाणारी. ती लांब कुठे जात नसे. शेजारणीच्या दारातून आमचं स्वयंपाकघर सरळ दिसायचं. हे मला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांनी औशाच्या रस्त्यावरच्या एका शेतात बसून कळलं, यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा.

दुपारी लेक बोरीच्या सावलीत दोन तास झोपली. सूत्रांची वही मी उघडली नाही. उघडावीशी मात्र एकसारखी वाटत होती.

रविवारी सकाळी मी तिला म्हणाले, “मी नांदेडला जाऊन येते. बाबांचे कपडे साठलेत.” कपडे खरंच साठलेले होते, पण ते दोन महिने साठलेले होते. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. “आज?” “आज. आपांकडे जेव.” काय जेव, किती वाजता, हे मी दातांमागेच ठेवलं. नऊची एसटी धरली.

अहमदपूरला गाडी पोचली तेव्हा पावणेअकरा वाजले होते. हीच ती वेळ. माझ्या पोटात असा पीळ पडला की गाडी थांबायच्या आधीच मी दाराशी उभी.

“थांबवा, दोन मिनिटं थांबवा,” मी कंडक्टरला म्हणाले. “लेकीची परीक्षा आहे.”

“परीक्षा लेकीची हाय,” तो म्हणाला, “आन् पळून तुमी राहिल्या?”

मी परत आले तेव्हा गाडीतल्या सगळ्यांना माझ्या लेकीच्या परीक्षेची माहिती झालेली होती. एका म्हातारीनं मला ओव्याची पुडी दिली. मी ती निमूट चघळली. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. फोन वाजला नाही. ती उठून बाहेर आली असती तर वाजला असता. बारा वाजले. मी फोनची रेंज तपासली. शेजारच्या सीटवरच्या बाईलाही तिची तपासायला लावली.

लोह्याच्या पुढे गेल्यावर वाजला.

“आई, आत्ताच सुटला पेपर.”

“बरं.”

“शेवटपर्यंत बसले. मध्ये एकदा आलं होतं. खिडकीतून बघितलं, बाकावर एक म्हातारा उसाचा रस पीत होता. मग गेलं.”

“बरं,” मी पुन्हा म्हणाले. ओठांवर आलेला प्रश्न ओव्याबरोबर गिळला.

“पेपर बरा गेलाय. वरची बॅच मिळेल की नाही सांगता येत नाही. पण मी थांबतेय इथंच.” मग म्हणाली, “विचार की.”

“काय?”

“जे विचारायचंय ते.”

“नाही विचारत.”

“मग मीच विचारते. तुझं पोट कसं आहे?”

“माझ्या पोटाला काय झालंय?” मी म्हणाले. “एकदम उत्तम आहे.”

तिकिटं मोजत उभा असलेला कंडक्टर एवढ्या मोठ्यानं हसला की ते पलीकडे लातूरपर्यंत ऐकू गेलं.